भाऊंच्या खात्यातला प्रश्न

आलापल्लीत आमची दोन टेबलांची खोली होती. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांत जे जे टिपलं जाई, ते फोटो आम्ही नागपूरच्या एका संस्थेच्या क्लस्टरवर चढवायचो. क्लस्टर म्हणजे एकमेकांना जोडलेले पुष्कळ कॉम्प्युटर. काम लिहून रांगेत लावायचं. पाळी आली की ते आपोआप चालतं आणि फोटोंतले वाघ, चितळ, रानडुकरं वेगळी करून देतं. आपण तिथं बसून राहायची गरज नाही. ही शेवटची गोष्ट मला चांगली माहीत होती, तरी ऐन वेळी डोक्यातून निसटली.

खोलीतलं दुसरं टेबल भाऊंचं. ते एटापल्लीकडचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. कोणत्या नाल्यावर बिबट उतरतो हे त्यांना कॅमेऱ्याआधी कळायचं. दोष एकच, कामाला लागले की जेवण विसरत. डबा संध्याकाळी जसाच्या तसा घरी जाई आणि मग वहिनींचा मला फोन येई. "बाई, त्यायले दोन घास खायाले लावत जा ना व. माह्यं तर आयकतच नाई."

क्लस्टरवरच्या भाऊंच्या खात्याची बसवाबसव मीच करून दिली होती, पासवर्डही त्यांनीच सांगून ठेवला होता. लॉगिन केल्याबरोबर कॉम्प्युटर आधी सेटिंगची एक फाइल वाचतो. त्या फाइलीत मी गुपचूप चार ओळी घातल्या. आता भाऊ आत शिरू लागले की स्क्रीनवर प्रश्न यायचा, 'भाऊ, जेवले का?' 'हो' लिहिल्याशिवाय दार उघडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ स्क्रीनकडे बघत बसले.

"काऊन व बाई, हा मले जेवाचं काऊन इचारून राह्यला?"

"नवा नियम आहे, भाऊ. नागपूरवाले सगळ्यांना विचारतात."

त्यांनी 'नाई' लिहिलं. पुन्हा तोच प्रश्न. 'कामात हाओ' लिहिलं. पुन्हा तोच. शेवटी त्यांनी निमूटपणे डबा उघडला, भाकर आणि वांग्याची भाजी संपवली, हात धुतले आणि 'हो' लिहिलं. आठवडाभर ते असे प्रामाणिक राहिले. पुढे बोटांना सवय झाली. प्रश्न न वाचताच ती 'हो' टाकू लागली आणि मीही सगळं विसरून गेले.

तोवर रांगेत लावायची सगळी कामं माझ्या खात्यातून जायची. तीन-चार महिन्यांनी माझ्या खात्याची मुदत संपली. नूतनीकरण होईपर्यंत भाऊंच्या खात्यातून काम लावायचं ठरलं. हिवाळ्याचे सगळे फोटो लावले. काम 'चालू' दिसू लागलं. संध्याकाळी चालू, दुसऱ्या दिवशी चालू, पण निकालाच्या फोल्डरात एक ओळ नाही.

मी भाऊंना तोच प्रोग्राम हातानं चालवायला सांगितलं. पाच मिनिटांत दहा फोटो वेगळे होऊन आले. म्हणजे प्रोग्राम ठीक, बिघाड रांगेतल्या कामाच्या सेटिंगमध्ये. मग मी शहाण्यासारखी एकेक गोष्ट तपासू लागले. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता त्या पायथॉनची आवृत्ती बदलली. फोल्डरांचे पत्ते पूर्ण लिहिले. नुसती सेटिंगची यादी छापणारं एवढंसं काम लावलं, तर तेही अडकलं. काम जे जे छापतं ते साठवणारी नोंदफाइल उतरवून बघावी म्हटलं, तर ती इतकी फुगलेली की आमच्या नेटवरून उतरेचना.

"तुले जमून नाई राह्यलं वाटते," भाऊ म्हणाले.

"नागपूरवाल्यांचीच काहीतरी गडबड आहे," मी ठामपणे सांगितलं.

तेवढ्यात क्लस्टर सांभाळणाऱ्या मॅडमचा फोन आला. दोन्ही हात कीबोर्डवर होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"तुमच्या कामानं डिस्क भरत आणली आहे. असं काय लिहीत आहात?"

"तेच शोधतोय, मॅडम. फाइल उतरत नाही."

"अख्खी कशाला उतरवता? शेवटच्या दहा ओळी मागवा आणि वाचून दाखवा."

दहा ओळी आल्या.

"मॅडम, वाचण्यासारखं काही नाही त्यात."

"वाचा."

"भाऊ, जेवले का? भाऊ, जेवले का? भाऊ, जेवले का?"

"थांबा. हे कोण विचारतंय?"

"मी."

"आणि उत्तर कोण देणार?"

"भाऊ."

"ते कामासोबत रांगेत जाऊन बसले आहेत का?"

रांगेतलं कामही सुरू होताना माझ्या चार ओळींची तीच फाइल वाचत होतं. तिथं कीबोर्डवर कोणीच नाही, म्हणून 'हो' नाही, म्हणून पुन्हा प्रश्न. कोट्यवधी वेळा तरी विचारून झालं असेल.

पलीकडे मॅडमना हसू आवरेना. "समोर माणूस बसला असेल तरच विचारायचं, अशी अट घाला," त्या म्हणाल्या. "आणि ते काम आधी बंद पाडा."

मी काम बंद पाडलं, अट घातली, फोटो पुन्हा लावले. भाऊ म्हणाले, "म्हंजे नागपूरचा नियम नोयता?"

"नाही, भाऊ."

"मी तर घरी सांगतलं होतं, नागपूरवाले लय चांगले लोकं हाये, रोज माह्यी चौकशी करते."

मला हसावं की माफी मागावी कळेना. मी माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत होते, पण खांदे हलत होते. हसू त्यांनाही दाबता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. वाघ, सांबर, मोर सगळे आपापल्या खणात. एक फोटो प्रोग्रामनं ठामपणे अस्वलांत टाकला होता. आम्ही तो मोठा करून पाहिला. काळं घोंगडं पांघरून, गुडघे टेकून समोरच्या झाडावरच्या कॅमेऱ्याचा पट्टा आवळणारे ते भाऊच होते.

मी तो फोटो तिथून काढायला लागले, तर त्यांनी माझा हात अडवला.

"राहू दे व," ते म्हणाले. "तेवढंच एक अस्वल वाढलं."