ताटं उचलणाऱ्याची मुलगी

सणाच्या दिवशी बाबा घरी जेवले, असं माझ्या लहानपणी कधी झालं नाही. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये ते वाढपी होते. आपल्याकडची माणसं कामासाठी दिल्लीत यायची, तिथे उतरायची आणि बॅग खाली ठेवायच्या आत वरण-भाताची चौकशी करायची. पाडवा असो, दिवाळी असो, बाबा त्यांना वाढत असायचे आणि आम्ही घरी बाबांशिवाय जेवायचो. नोकरी कंत्राटदाराकडची. कंत्राटदार बदलला की बाबा घरी बसायचे आणि नवा आला की त्याच्यापुढे जाऊन उभे राहायचे. त्या मधल्या दिवसांत आई करोल बागेतल्या दुकानांतून साड्यांचं गाठोडं आणून फॉल लावायची आणि आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही.

खोली आर. के. पुरममध्ये होती. हे नुसतं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, वडील अधिकारी असणार. खरं म्हणजे एका साहेबांच्या सरकारी फ्लॅटमागची ती एक खोली होती. आई त्यांच्याकडे घरकाम करायची, त्याच्या बदल्यात ती आम्हाला मिळाली होती. साहेब मराठी, काकू पुण्याच्या. माणसं चांगली होती. त्यांची मुलगी माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे. तिची पुस्तकं वर्षभराने माझी व्हायची आणि त्यांत तिने पेन्सिलीने सोडवलेली गणितं मला फुकट मिळायची.

साहेबांच्या घरी गणपती बसायचे. आजूबाजूची मराठी मंडळी जेवायला यायची, सतरंज्या टाकून पंगत बसायची आणि वाढायला अर्थात बाबा. "भाऊ, इकडे मठ्ठा." "भाऊ, ह्यांना जिलबी वाढा, लाजताहेत ते." सगळी पंगत उठली की बाबा ताटं उचलायचे, जागा पुसायचे आणि मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या चार घास खायचे. "बसा की हो," आई म्हणायची. "वाढणाऱ्याचं पोट वासानेच भरतं," असं त्यांचं ठरलेलं उत्तर.

बारावीनंतर मी हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा दिली. निकाल आला तेव्हा आईने साखर हातावर ठेवली. बाबांनी ती खाल्ली आणि म्हणाले, "मी ताटं उचलली ती तुला उचलावी लागू नयेत म्हणून. आणि तू त्याचं कॉलेज शोधून काढलंस?"

"बाबा, हे वेगळं असतं. मॅनेजमेंट असतं."

"ताट उचलायला वेगळं काय असणार? दोन हातांनीच उचलायचं ना?"

त्यांना मी साहेबांसारखी ऑफिसात बसलेली हवी होते. फाइल, खुर्ची, डबा. आमच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले, पण त्यांच्या मते चुकीच्या इमारतीची. कुणी विचारलं की ते सांगायचे, "मॅनेजमेंट करते." कसली मॅनेजमेंट? "मोठी." एवढं बोलून विषय संपवायचे. हॉटेल हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही.

त्यांचं सगळंच काही चुकीचं नव्हतं. पदवी घेऊन एका हॉटेलात ट्रेनी म्हणून लागले, तेव्हा पहिले कित्येक महिने मी ग्लास पुसले, चादरी ताणल्या आणि ताटं उचलली. दोन्ही हातांनीच. एकदा घरी मनगटाला बाम चोळत होते, तेव्हा बाबांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि स्वतः चोळायला लागले. "तळव्यावर तोलायचं, मनगटावर नाही," एवढंच बोलले.

आमच्या वर्गातली मुलं तोवर सगळीकडे पांगली होती. एकजण गुडगावच्या हॉस्पिटलात फ्रंट ऑफिसला लागला, एकजण नोएडाच्या आयटी कंपनीत कँटीन सांभाळतो. एक मैत्रीण विमानतळाच्या लाउंजमध्ये आहे, एक जहाजावर गेली आणि तिथूनच लग्न करून आली. एका पठ्ठ्याचा तर धंदाच हा, की पोरांना पोरींना मागणी घालायची असेल तर गच्चीवर फुगे आणि मेणबत्त्या लावून द्यायच्या. हे सगळं मी बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे हॉटेलात नक्की कोण गेलं?"

"मी."

"तूच सापडलीस!"

आई इतकी हसली की तिच्या हातातली सुई खाली पडली.

पुढे मी गुडगावच्या एका हॉटेलात बँक्वेटला गेले. लग्नं, कंपन्यांची संमेलनं, वाढदिवस. दिल्लीचं लग्न म्हणजे पत्रिकेत आठ लिहायचं आणि वरात दहाला यायची. त्यात मी रुळले. काम मला आवडतं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. रिकाम्या हॉलमध्ये सकाळी नुसत्या उघड्या टेबलांकडे पाहूनसुद्धा मला बरं वाटतं. फक्त एक गोष्ट खुपायची. बाबांनी मला काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. कितीदा म्हटलं, या ना, नुसता हॉल तरी बघून जा. "तुला ताट उचलताना बघायला नाही यायचं मला," म्हणायचे.

साहेब निवृत्त होऊन गुडगावलाच स्थायिक झाले होते; फ्लॅट सुटला तशी आमचीही खोली सुटली आणि आम्ही भाड्याच्या एका खोलीत गेलो होतो. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा पुण्याचा. काकू हॉल बघायला आमच्या हॉटेलात आल्या आणि मला पाहून त्यांनी मिठीच मारली. मग म्हणाल्या, "एकच अट आहे. बुफे नको. व्याह्यांकडच्या आजींना पंगत हवी. टेबल-खुर्ची चालेल, पण वाढून, आग्रह करून."

आमच्या साहेबांनी, म्हणजे हॉटेलातल्या माझ्या बॉसने, कपाळाला हात लावला. "यार, ये पंगत-वंगत कौन कराएगा?"

"मी कराऊंगी," मी म्हणाले. घाईत माझं हिंदी असंच निघतं.

"चलो, तो पूरी शादी तुम्हारी. ऊपर से नीचे तक."

माझं स्वतःचं असं पहिलं लग्न. आणि त्याची पत्रिका काकू स्वतः आमच्या घरी जाऊन देऊन आल्या. हळद-कुंकू लावलेली, आईबाबांच्या नावाची. "भाऊ, सहकुटुंब यायचं बरं का." हॉटेल असलं तरी साहेबांच्या मुलीचं लग्न बाबांना टाळता येणार नव्हतं. येणार म्हटल्यावर मला एकच हवं होतं. बाबांनी माझ्या हॉलमध्ये पाहुण्यासारखं बसून जेवावं. बाकी लग्न कसंही होवो, असं म्हणणार नाही, नोकरी आहे. पण मनात हेच होतं.

आठवडाभर मी वेटरांकडून तालीम करून घेतली. आधी मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. सगळे उत्तराखंड-बिहारकडचे. "मॅडम, नमक पहले क्यों?" एकाने विचारलं. "क्योंकि मेरी आई मारेगी," मी म्हणाले. मग पटलं त्याला. बाकी सगळं मी समजावलं, शिवाय एक गोष्ट तीनतीनदा सांगितली: एखाद्याचं खाऊन झालं तरी त्याचं ताट उचलायचं नाही. पंगत एकत्र बसते, एकत्र उठते. हॉटेलात आम्हाला नेमकं उलटं शिकवतात. पाहुण्याचा हात थांबला की प्लेट तिथून गेली पाहिजे.

लग्नाच्या दिवशी सकाळी खालच्या हॉलमध्ये एका कंपनीचं संमेलन निघालं आणि माझी निम्मी माणसं तिकडे पळवली. त्यांच्याऐवजी दुसऱ्या हॉलमधली आली. कडक इस्त्रीची, पांढरे हातमोजे घातलेली, हसरी आणि तालमीला नसलेली. मुहूर्त सकाळचा, अक्षता पडलेल्या, पाहुणे हात धुऊन खुर्च्यांवर बसायला लागलेले. मी त्यांना दाराशी उभं करून जमेल तेवढं सांगितलं आणि वाढप सुरू केलं.

बाबा आले होते. इस्त्रीचा सदरा घातलेला, शेजारी आई. बसले होते, पण कुठे? अगदी शेवटच्या टेबलाला, स्वयंपाकघराच्या दारापाशी.

वरण-भात झाला, मसालेभात झाला, जिलबी फिरायला लागली. पुण्याच्या आजी मठ्ठ्याची वाट बघत हात आवरून बसल्या होत्या. एका नव्या वेटरला तो थांबलेला हात दिसला. त्याने मागून येऊन, "एक्सक्यूज मी" म्हणून, अदबीने त्यांचं ताट उचललं आणि चालू लागला.

"अहो!" आजींचा आवाज खणखणीत. "मी उठले का? मग ताट कसं उठलं?"

शेजारच्या टेबलावरचे वराचे काका म्हणाले, "दिल्लीची पद्धत असेल. भूक भागायच्या आत ताट नेतात." दोघंतिघं हसले. ते हसणं काही बरं नव्हतं. काकूंचा चेहरा पडला. नवे वेटर गोंधळले. काही जागीच थांबले, तर दोघांनी आणखी दोन ताटं उचलली.

आणि मी पाहिलं, बाबा उठले. बाह्या वर केल्या, दारातून बाहेर येणाऱ्या वेटरच्या हातातलं जिलबीचं पातेलं घेतलं आणि वाढायला लागले. "घ्या, घ्या, एकाने काय होतंय." बाकीची ताटं जिथल्या तिथे राहिली, माणसं खाऊ लागली. हॉलमध्ये बरीच जुनी आर. के. पुरमची मंडळी होती. त्यांतल्या एकालाही त्यात वावगं दिसलं नाही. एकजण तर म्हणाले, "भाऊ, इकडे मठ्ठा पाठवा जरा." त्या लोकांनी बाबांना कायम उभंच पाहिलं होतं.

मी हात वर केला आणि सगळ्या वेटरांना जागेवर थांबवलं. "कोई प्लेट नहीं उठेगी. जब तक सब नहीं उठते, कोई नहीं." उचललेली दोन ताटं परत जागेवर ठेवायला लावली, मग नवं ताट घेतलं आणि आजींपुढे गेले. "आजी, चूक आमची. परत वाढते."

"परत म्हणजे कुठून?"

"मिठापासून."

आजींनी माझ्याकडे वर ते खाली पाहिलं. मी खरंच मिठापासून सुरुवात केली. लिंबू, चटणी, भाताची छोटी मूद, वर तूप. "अगं, पुरे, मी काय पहिलवान आहे?" म्हणत त्या हसल्या आणि काकांना म्हणाल्या, "ह्या पोरीला वाढता येतं हो." काका खाली मान घालून मसालेभात खाऊ लागले.

मग मी बाबांकडे गेले.

"बाबा, ते पातेलं द्या."

"अगं, माणसं कमी पडताहेत तुझी."

"माणसं आहेत माझ्याकडे. पाहुणा एक कमी पडतोय. साहेबांनी तुम्हाला वाढायला बोलावलंय की जेवायला?"

"सवय गं."

"इथे माझा हुकूम चालतो. बसा."

"आणि नाही बसलो तर?"

"तर आईला सांगेन."

त्यांनी माझ्या काळ्या कोटाकडे पाहिलं, मग जागच्या जागी, माझ्या हाताकडे बघत उभ्या असलेल्या वेटरांकडे पाहिलं. "जी मॅडम," म्हणाले, पातेलं माझ्या हातात दिलं आणि जाऊन बसले. काकू तोवर तिथे आल्या होत्या. "भाऊ, इथे दाराशी काय बसलात?" त्यांनी आईबाबांना उठवून साहेबांच्या शेजारी नेऊन बसवलं.

मी बाबांना जिलबी वाढायला गेले. आणखी एक. आणखी एक. आयुष्यभर हजारो लोकांना आग्रह केलेल्या माझ्या वडिलांना नको कसं म्हणायचं ते येत नव्हतं. ताटावर हात आडवा धरायचा असतो; तो त्यांनी प्रत्येक वेळी जिलबी पडल्यावर धरला. "मेलो," म्हणाले आणि सगळ्या खाल्ल्या.

जेवून झालं तरी ते उठले नाहीत. ताट पुढ्यात ठेवून, हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. एक वेटर चुकून जवळ गेला, तर त्याला म्हणाले, "अभी नहीं बेटा. मॅडम बोलेगी तब."

आजी उठल्या, मग पंगत उठली. मग मी हाताने खूण केली आणि ताटं उचलली गेली.

घरी जाताना मेट्रोत आईबाबांच्या शेजारी पंगतीतलंच एक कुटुंब बसलं होतं. हे मला आईने सांगितलं. त्या बाईंनी विचारलं, ती काळ्या कोटातली मुलगी तुमची का? काय करते? बाबा म्हणाले, "हॉटेलात आहे. बँक्वेट तीच बघते."

त्या मोसमातली पुढची लग्नं मलाच मिळाली, आणि मोसम संपल्यावर मला बँक्वेट मॅनेजर केलं. बाबांनी वाढप्याचं काम सोडलं. द्वारकेत आता आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर आहे. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे आणि बाबा दिवाळीला घरी बसून जेवतात.