कागदभर आडनाव

साहेबानं माझी वेणी धरली आणि मला खुर्चीसकट मागं ओढलं. खुर्ची आडवी, मी आडवी. तशीच फरफटत मशीनच्या खोलीत नेली. प्रिंटरच्या मागं कागदाचा ढीग पडला होता, गुडघ्याइतका. माझं तोंड त्यात दाबलं.

"वाच. काय छापलंय?"

माझं नाव छापलं होतं. माझं, बापाचं, आडनाव. खाली परत तेच. त्याच्याखाली परत तेच. ढीगभर.

"आता मशीननं पण तुमची आडनावं छापायची का?"

ही सांगलीतली गोष्ट, सत्तरच्या दशकातली. एका साखर कारखान्याच्या हापिसात नवा कॉम्प्युटर आला होता. धूळ चालत नसे, म्हणून त्या गारेगार खोलीच्या दारात सगळ्यांनी चपला काढायच्या. माझं गाव आष्टा, तिथं आमच्या महारवाड्याला देवळाच्या दारात चपला काढायची कधी वेळच आली नव्हती. तिथवर जाऊ कोण देत होतं? त्यामुळं पहिल्या दिवशी त्या खोलीच्या दारात चपला काढताना मला लय भारी वाटलं. एवढी मी शहाणी.

माझं काम पंचिंगचं. पोरांनी कागदावर लिहिलेले प्रोग्राम बघून यंत्र बडवायचं, पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडायची. ती कार्डं मशीन वाचायचं. भाषा दोन. फोरट्रान इंजिनिअर पोरांची. तुसडी, नुसती सूत्रं, आमच्या धाकट्या चुलत्यासारखी. कोबोल हिशेबवाल्यांची. ऐसपैस, वाक्यंच्या वाक्यं. बडवून बडवून बोटं सुजायची, पण तिचं बोलणं मला कळायला लागलं. हे उचल. तिथं ठेव. झालं की सांग. असले हुकूम आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेले. इथं फरक एवढाच की हुकूम लिहिणाऱ्यानं द्यायचा आणि उचलायचं मशीननं.

मला तो हुकूम द्यायचा होता.

साहेब संध्याकाळी नव्या पोरांचा वर्ग घ्यायचा. जो शिकेल तो प्रोग्रामर. बाकीच्यांनी जन्मभर भोकं पाडायची. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. जाऊन मागच्या बाकावर बसले. पहिली भाषा कुठली घेणार, असं तो एकेकाला विचारत होता. माझ्यापर्यंत आला. मी म्हणाले, "मला कोबोल शिकायची हाय."

तो पोरांकडं वळला. "हिला आधी कुणीतरी 'आहे' म्हणायला शिकवा."

पोरं हसली. मीही हसले. शरमेनं माणूस काय काय करतं. मग त्यानं दाराकडं बोट दाखवलं. मी उठले.

मग न विचारताच शिकायला घेतली. माझं नाव एकदा छाप, एवढाच माझा पहिला प्रोग्राम. जेवणाच्या सुट्टीत ती कार्डं साहेबाच्या ट्रेमध्ये शेवटी सरकवली. ऑपरेटरनं सगळी मशीनला लावली आणि तो चहाला गेला. पण मशीनला थांब म्हणायचं माझ्याकडून राहिलं होतं. घरातले म्हणतात, मी बोलायला लागले की थांबत नाही. माझा प्रोग्रामही माझ्यावरच गेला. कागदाचा खोका रिकामा होईपर्यंत छापत राहिला.

साहेबानं माझं डोकं कागदातून वर काढलं आणि मशीनच्या कोपऱ्यावर आपटलं. कपाळ फुटलं. रक्त डोळ्यात, रक्त कागदावर, आडनावावर.

"उचल हे सगळं. बाहेर सगळ्यांसमोर तुझ्या हातानं जाळ."

हाताला कार्डांचा लोखंडी ट्रे लागला, भरलेला. मी तो त्याच्या तोंडावर हाणला. तो खाली बसला. परत हाणला. त्याचा दात तुटून कार्डांत पडला. कार्डं त्याच्याच फोरट्रानच्या प्रोग्रामची. आता हा दात कुठल्या सूत्रात बसवणार, हा विचार मला त्याही वेळी आला. डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणा, किंवा पहिल्यांदाच ठिकाणावर आलं होतं.

शिपायांनी मला लाथा घालत फाटकाबाहेर काढलं. चपला आतच राहिल्या. नव्या होत्या. स्टँडपर्यंत तापलेल्या डांबरावरनं अनवाणी गेले.

दुसऱ्या दिवशी आबा, म्हणजे माझा बाप, साहेबाला भेटून आला. फौजेतला हवालदार, ताठ माणूस. आला तो वाकून आला.

"साहेब म्हनतोय, पाय धर, मग पंचिंगवर घेतो. भाषेचं नाव काढायचं न्हाई. चपला दारातच ठिवल्यात त्यानं."

"तुमी त्याला सलाम ठोकला?"

आबा खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागला.

"आबा, चपला तिथंच ऱ्हाऊंद्या."

"आगं, नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

घरातली पोरं आता विचारतात, आत्या, पहिली भाषा कुठली शिकावी? मी सांगते, जिच्या वर्गातनं तुम्हाला उठवलं, ती. पोरं हसतात, आत्या गमतीनं बोलली असं त्यांना वाटतं. मी गमतीनं बोलत नाही.

तेव्हा कपाळाला पट्टी बांधून मी अनवाणीच पुण्याच्या एसटीत बसले. कोबोल शिकायला. शेजारची बाई विचारत होती, कुठं पडलीस गं? मी सांगितलं, पडले न्हाई, पाडलं. गाडी हलली तेव्हाच एक ठरवलं, ते अजून तसंच आहे. परत कुणी वेणीला हात घातला, तर ट्रे शोधत बसायचं नाही. तो आधीच हातात पाहिजे.