रांगेत हलवलेला हात

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. एका मोटारसायकल चोराने भर रस्त्यात, हेल्मेट घालून, पुढे चाललेल्या बाईकडे बघून हलवलेला हात मात्र अजून जसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे. त्या हातामुळे एक तरुणी आरोपी होता होता वाचली.

निवृत्ती जवळ आली होती. नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. हिवाळ्यातल्या एका शनिवारी सकाळी सारसोळ्याचे एक मच्छीमार गृहस्थ मोटारसायकल चोरीची फिर्याद द्यायला आले. ठाणे अंमलदाराने नेहमीचे प्रश्न विचारले. गाडी कुठे लावली होती, हँडल लॉक होते का, चावी कोणाकडे. चावी गाडीलाच होती. चोरीच्या फिर्यादीत हे वाक्य नेहमी सर्वांत शेवटी आणि खाली बघून सांगितले जाते.

"गाडीची काही खूण?"

"उजव्या मुठीला निली दोरी गुंडाललीय, जाल्याची. हात वला असला तरी सटकत नाय. साहेब, गारी जुनी हाय, पन माजी हाय."

गुन्हा दाखल झाला. आमच्या हवालदाराने आसपासच्या गॅरेजांमध्ये निळ्या दोरीची खूण सांगून ठेवली. त्या दिवसांत चोरीच्या मोटारसायकली घाट चढून देशावर जात आणि तिकडे सुट्या करून विकल्या जात. नाकाबंदीत एकही सापडत नव्हती. वरिष्ठांच्या प्रत्येक बैठकीत हा विषय निघे आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे तेच उत्तर असे.

रविवारी दुपारी करंजाड्याच्या एका गॅरेजवाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या. हातातले काम सोडून मोबाइलवर दुसऱ्यांच्या सहलींचे फोटो बघत बसण्याची त्याची खोड त्या दिवशी उपयोगी पडली.

"साहेब, निळ्या दोरीवाली गाडी इकडे कुठे शोधताय? ती महाबळेश्वरला हवा खातेय. ग्रुप फोटोत पहिल्या लाइनीत उभी आहे."

फोटो आला. थंडीचे कपडे घातलेली दहा-बारा माणसे, त्यांच्यापुढे मोटारसायकली, आणि एका मुठीला निळी दोरी.

ही घाटमार्गांची मोटारसायकल सहल होती. करंजाड्याहून निघून महाड, वरंधा घाट, वाई, पसरणी घाट, महाबळेश्वर आणि सोमवारी आंबेनळी घाट उतरून परत. सहल काढणारी तिशीतली तरुणी करंजाड्यातच राहत होती. बरीच वर्षे दुसऱ्यांच्या सहलींना वाट दाखवण्याचे काम केल्यावर ही तिची स्वतःच्या नावाची पहिलीच सहल. पुढे ती, सर्वांत मागे तिचा सहकारी, मधे पाहुणे. तिच्या पुढे कोणी जायचे नाही आणि सहकाऱ्याच्या मागे कोणी राहायचे नाही, एवढा साधा नियम.

घाटात चोराला अडवले आणि तो पळाला, तर सोबतच्या नवशिक्यांच्या जिवावर बेतले असते. म्हणून सहल संपते त्या करंजाड्याच्या मैदानावर आम्ही साध्या वेशात थांबलो. तोवर चोर वाटेत निसटलेला असेल, असाच माझा अंदाज होता.

अंदाज चुकला. संध्याकाळी गाड्यांची रांग मैदानात शिरली तेव्हा निळी दोरी रांगेतच होती. चोराने शिस्तीत गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढले, इतरांबरोबर गळ्यात पदक घालून घेतले. हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पोलीस आहेत हे चोराने ओळखले.

"साहेब, एक फोटो होऊ द्या ना."

"आमच्याकडे पण काढतात," हवालदार म्हणाला. "समोरून आणि बाजूने, दोन्ही."

पंचांसमक्ष चेसी नंबर पडताळला. गाडी सारसोळ्याचीच होती. चोराच्या नावावर आधीचे दोन गुन्हे होते. त्याने सगळे पटकन सांगितले. पकडला गेल्याचे वाईट वाटण्याऐवजी सहल संपल्याचेच त्याला जास्त वाईट वाटत होते.

"पळस्प्याला पेट्रोल भरलं. पुढं नाकाबंदी. तेवढ्यात ह्या लोकांची लाइन पंपावरून निघाली. मी मधे घुसलो. पोलिसांनी सगळ्यांना हातानेच पुढं काढलं."

"मग नाकाबंदीनंतर सुटायचं ना."

"सुटणारच होतो. पण महाडला चहाला थांबले. ताई आल्या, म्हणाल्या, तुम्ही बँकेतले साहेब ना? मी हो म्हटलं. मग सगळेच साहेब, साहेब करायला लागले. वरंध्यात भजी खाल्ली. पैसे पण नाही देऊ दिले."

"आणि वाईला? तिथून तर गाडीचं गिऱ्हाईक जवळच होतं."

"वाईला ताई म्हणाल्या, साहेब, तुम्ही घाट छान चढता, उद्या त्या दोन नवीन मुलींच्या पुढे राहा, त्यांना तुमच्या चाकाची लाइन बघून वळणं घेऊ देत. आता त्यांना तसंच सोडून कसं जायचं?"

हवालदार हसू दाबायला बाहेर गेला. मला मात्र या उत्तरातली अडचण दिसत होती. अनोळखी चोर तिच्या रांगेत शिरला होता, तिने त्याला नाकाबंदीतून नेले होते आणि वर जबाबदारीची जागाही दिली होती. चोरीच्या गाड्या घाट कशा चढतात, या जुन्या प्रश्नाचे हे फारच सोयीचे उत्तर होते. वरिष्ठांचा फोन आला तोही याच सुरात: मार्ग सापडलाय, त्या बाईलाही सहआरोपी करा. तसे झाले असते तर ती पुढे निर्दोष सुटली असती तरी तिच्या मागे गाडी चालवायला कोणी आले नसते. वाट दाखवणाऱ्याकडे विश्वासाशिवाय विकायला दुसरे काही नसते. आणि "ताईंना काही माहीत नव्हतं" हे चोराचे वाक्य तिच्या बचावाला पुरेसे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिला पोलीस अंमलदारासमोर तिचा जबाब सुरू झाला. ती घाबरलेली होती, पण उत्तरे सरळ देत होती.

"एक माणूस जास्त आहे हे कळलं नाही?"

"जास्त नव्हताच, सर. पळस्प्यानंतर सर्वांत मागच्या सहकाऱ्याने गाड्या मोजून आकडा कळवला, तो बरोबर होता."

"कसा?"

"खारघरचे बँकवाले साहेब आलेच नव्हते. मला वाटत होतं ते थेट पळस्प्याला येणार. पंपावर मागून एक गाडी लागली, मला वाटलं तेच."

बँक अधिकाऱ्याला बोलावले. ते गजर बंद करून पुन्हा झोपले होते. उठल्यावर इतकी लाज वाटली की सुट्टी संपेपर्यंत फोन बंद ठेवला. ठाण्यात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "माझ्या नावाने त्याने नीट चालवली ना?"

योगायोग खरा होता. तरी तो ठरवून केलेला असू शकतो, ही शंका मला सोडता येईना. सर्वांत मागच्या सहकाऱ्याच्या हेल्मेटवर कॅमेरा असे. शनिवारचे चित्रीकरण मी तिला समोर बसवूनच लावले. वडखळच्या पुढे एका लांब वळणावर सगळी रांग दिसत होती. तिने डावा हात वर करून एक बोट उभे धरले.

"हे काय?"

"एका रांगेत या, असं. मागचा प्रत्येक जण तीच खूण करतो. म्हणजे शेवटपर्यंत पोचते."

पडद्यावर तसेच झाले. दुसऱ्या गाडीवर बोट वर, तिसऱ्या गाडीवर बोट वर. मग निळी दोरी आली. त्या गाडीवरच्या माणसाने बोट उभे केले नाही. त्याने पूर्ण पंजा उघडला आणि ओळखीचे कोणी भेटावे तसा आनंदाने हलवला.

तिने तोंडावर हात ठेवला. दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती. "सर, हा टाटा करतोय मला."

चित्रीकरण मागे नेऊन पुन्हा पाहिले. निघण्यापूर्वी करंजाड्याच्या मैदानावर ती सगळ्या खुणा शिकवत असे आणि प्रत्येकाकडून करून घेतल्याशिवाय गाडी सुरू करू देत नसे. त्याचेही चित्रीकरण होते आणि त्यात हा माणूस नव्हता. रविवारच्या पसरणी घाटात मात्र त्याचे बोट सर्वांत ताठ होते. खड्डा दिसला की पाय बाहेर काढून मागच्या मुलींना तो दाखवत होता. म्हणजे खुणा तो इतरांचे बघून वाटेत शिकला. तिने ठरवून आणलेला माणूस असता, तर इतरांच्या नजरेत न येण्यासाठी एवढी एक गोष्ट तरी तिने त्याला आधी शिकवली असती. पंपाच्या कॅमेऱ्यातही तो एकटाच येताना आणि घाईने रांगेत शिरताना दिसला. मी तसा अहवाल पाठवला. ती साक्षीदार झाली.

गाडी न्यायालयामार्फत मालकाला परत मिळाली. तिच्या टाकीवर सहलीचा घाटाचे चित्र असलेला स्टिकर चिकटलेला होता. हवालदाराने तो खरवडायला घेतला, तर मालकाने थांबवले. "ऱ्हाऊं द्या. माजी गारी माज्यापेक्षा जास्त फिरून आली."

तपासात आपण लपणाऱ्याला शोधतो. या प्रकरणाने मला दुसरेही बघायला शिकवले: सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कोणाला माहीत नाही. कटातला माणूस शिकून येतो. अडाणीपणा पुष्कळदा निर्दोषपणाचा पुरावा असतो, स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या.

जबाबावर सही करून ती मोटारसायकलवरून निघाली तेव्हा मी ठाण्याच्या पायरीवर उभा होतो. फाटकापाशी तिने डावा हात कोपरात वाकवून वर केला. मीही मोकळ्या मनाने हात हलवला.

ती उजवीकडे वळली, तेव्हा लक्षात आले की ती वळण्याची खूण होती. शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराने शांतपणे विचारले, "साहेब, तुमचा जबाब कधी घेऊ?"