खंडाचा दिवस

रत्नमालाबाईंना राग आला की त्यांचा आवाज खाली जातो. बिडकीनकडच्या त्या खाजगी विद्यापीठाच्या ग्रंथालयात तेवीस वर्षं काढल्यावर आवाज चढवायची सवयच उरली नव्हती. पण कुलसचिवांचं पत्र वाचून त्या इतकं हळू बोलल्या, की गोकुळला दोनदा विचारावं लागलं, "काय म्हणलात, ताई?"

"म्हणलं, तू त्या दिवशी नव्हतासच."

गोकुळ रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. बारा एप्रिलला, प्रात्यक्षिक परीक्षा सुरू असताना, ॲसिडची बाटली फुटली आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. उपचाराचा खर्च मिळावा म्हणून अर्ज केला, तर हे उत्तर: 'सदर व्यक्ती त्या दिवशी विद्यापीठाच्या सेवेत नव्हती. तिचा प्रवेश अनधिकृत होता. सबब पुढील नेमणुकीचा विचार करता येणार नाही.'

आणि कागदावर ते खरं होतं. गोकुळसारख्यांना अकरा महिन्यांची नेमणूक मिळते. मग एक दिवस खंड, आणि दुसऱ्या दिवशी नवा आदेश. सलग नोकरी केली असं कुणाला म्हणता येऊ नये, म्हणून ही युक्ती. गोकुळने नऊ वर्षं असे खंड पाहिले; बारा एप्रिलही त्याचा खंडाचाच दिवस होता. खंडाच्या दिवशी माणसं येतात, शिकवतात, प्रयोग मांडतात, फक्त मस्टरवर सही करत नाहीत. पोरांची परीक्षा असताना घरी कसं बसायचं? या भलेपणावर विद्यापीठ सुखाने चाललं होतं.

बाई प्राध्यापक आणि कर्मचारी यांच्या एकत्र संघटनेच्या चिटणीस. जिन्याखालची एक खोली, एक टेबल, पाच खुर्च्या, एवढंच कार्यालय. कुणाची पदोन्नतीची फाइल कुठल्या टेबलावर अडली, कुणाची प्रसूती रजा कुणी नाकारली, हे त्यांना तोंडपाठ असायचं. मोठमोठे प्राध्यापक डबा हातात घेऊन तिथे येत आणि काम झालं की वर्षभर दिसत नसत.

आधीपासून चालत आलेली ही खंडाची अट संघटनेतर्फे मान्य करणाऱ्या करारावर तीन वर्षांपूर्वी बाईंचीच सही होती. 'एक दिवस तर आहे,' असं त्याच म्हणाल्या होत्या. राग त्याचाही होता.

त्या थेट इंद्रजीत सरांकडे गेल्या. सर रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आणि संघटनेचे उपाध्यक्षही.

"सर, गोकुळला बारा तारखेला तुम्हीच बोलावलं ना?"

"बोललो असेन तोंडी. पण लेखी काही आहे का, मॅडम?"

"त्याच्या हातावर लिहिलंय. पट्टी सोडून दाखवू?"

"तुम्ही उगाच तापताय. माझं प्राध्यापकपदाचं प्रकरण समितीपुढे आहे. या वेळेला—"

"तुमचं प्रकरण चार महिने आम्हीच वर ढकललं, सर. गोकुळनं त्यासाठी सह्या गोळा केल्या. दोन्ही हात धड होते तेव्हा."

सरांनी समोरची फाइल ओढून उघडली.

बाई जिन्याखालच्या खोलीत परतल्या तर गोकुळ तसाच बसलेला. "जाऊ द्या, ताई," तो म्हणाला. "सरांनी तर त्या दिवशी सकाळीच पोरांच्या जर्नलावर माझ्या सहीखाली आदली तारीख टाकायला सांगितली होती. म्हणले, आज तुझा खंड हाय."

"मग टाकलीस?"

"नाय. आदल्या दिवशी प्रयोग झालाच नव्हता. खोटी तारीख कशी टाकायची?"

बाई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघतच राहिल्या. "आरं, हे आधी सांगायला तुला काय झालं होतं?"

"सर ओरडतील म्हणून..."

ती जर्नलं विद्यार्थ्यांकडे होती. बाईंनी श्रेयाला गाठलं. ती त्याच वर्गातली, ग्रंथालयात रोज येणारी, पुस्तक उशिरा दिलं म्हणून चारदा बोलणी खाल्लेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सव्वीस जर्नलं पोत्यात भरून स्कूटीवरून घेऊन आली. "गोकुळदादांसाठी हाय म्हणलं, तर कुणी एक शब्द विचारला नाय, मॅडम."

कुलसचिव काकासाहेबांच्या टेबलावर बाईंनी तो गठ्ठा ठेवला. इंद्रजीत सरांनाही बोलावून घेतलं होतं.

"गोकुळची सही काय, मागून कधीही करता येते," काकासाहेब म्हणाले.

"व्हय ना. म्हणून खाली बघा, साहेब. बाहेरच्या परीक्षकाचीही सही हाय. तारीख बारा. सव्वीसच्या सव्वीस. अनधिकृत माणसानं घेतलेली परीक्षा तुम्हाला चालते, पोरांचे निकाल चालतात, फक्त त्याचा भाजलेला हात चालत नाय?" आवाज इतका खाली होता, की काकासाहेब पुढे वाकले होते. "नव्हता तर नव्हता म्हणा. मग परीक्षा रद्द करा, आणि सव्वीस आईबापांना तुम्हीच कळवा."

काकासाहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी वरचं जर्नल उघडलं, पुन्हा मिटलं.

"मीच बोलावलं होतं," ते म्हणाले.

आठवड्याभरात पत्र मागे घेतलं गेलं. अपघात कामावरचा ठरला, खर्च मंजूर झाला, गोकुळचा नवा आदेश निघाला. सदस्य पेढे मागायला आले. बाईंनी त्यांना हाकलून लावलं आणि फलकावर कागद डकवला: 'खंड मान्य करण्यात माझी चूक झाली. तो रद्द होईपर्यंत खंडाच्या दिवशी कुणीही कामावर येऊ नये.' खाली सही.

पहिली पाळी आली ग्रंथालयातल्या सुलेखाची. सकाळीच तिचा फोन. "मॅडम, परत आलेल्या पुस्तकांचा ढीग पडलाय. तासभर येऊन जाते ना!"

"घरी बस. पाय मोडीन."

देवघेवीची खिडकी दिवसभर बंद राहिली. बाई आपल्या टेबलावर आपलं काम करत होत्या, सुलेखाचं नाही. बाहेर रांग वाढली, कुरकुर वाढली. तिसऱ्या प्रहरी इंद्रजीत सर आले. समितीपुढच्या मुलाखतीसाठी त्यांना दोन संदर्भग्रंथ हवे होते.

"मॅडम, तुम्ही स्वतः काढून दिलेत तर?"

बाईंनी मान वर केली. "कपाट सुलेखाचं हाय, सर. ती आज नाय. असं तुमचंच विद्यापीठ म्हणतंय."

 सर रांगेतल्या पोरांच्या मागे जाऊन बाकावर बसले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सुलेखाचा नवा आदेश लागू व्हायला अजून अख्खी रात्र होती.