नाव गिरणीचं, गळा वर्नाचा

घडवलं म्हणे! आता वर्ना टॅकेटचं नाव देशभर झालंय, तर ते रेडिओ स्टेशनवाले छाती फुगवून सांगतात, तिला आम्ही घडवलं. घडवलं डोंबल! तिच्या शेजारी उभा राहून फिडल वाजवणारा मीच होतो. मी एल्झी, तिचा आतेभाऊ. मला कोण शिकवतंय?

आम्ही केंटकीच्या डोंगरातले. खाणीवर जाणारी माणसं न्याहारीला बसली की आमचा कार्यक्रम लागायचा. एक पीठगिरणीवाला तो चालवायचा, आणि त्यावर पीठ खपवायचा. आम्हाला पगार नव्हता. रेडिओवरून सांगायचं, शनिवारी अमक्या शाळेत आमची गाणी आहेत, आणि तिकीट काढून जी माणसं येतील त्यांच्यावर पोट भरायचं.

कार्यक्रमाचा मॅनेजर क्लेबर्न शहरातला. त्यानं ऐन विशीतल्या वर्नाची म्हातारी केली. नाव टिल्डीमावशी, डोक्यावर झालरीची टोपी, दात पडका दिसावा म्हणून पुढच्या दाताला काळा कागद. अरे, रेडिओवर कुणाला दात दिसतो का? पण पिठाच्या पोत्यांवर तसा फोटो छापायचा होता. दोन गाण्यांच्या मधे तिनं डोंगरातल्या म्हातारीसारखं बोळक्या तोंडानं बरळायचं, आणि शहरवाल्यांनी खिदळायचं.

ऑरव्हिलमामा, म्हणजे वर्नाचा बाप, त्यानं घरातला रेडिओच बंद करून टाकला. माझ्या आईची नक्कल करून पोट भरतेस का, एवढं तिला विचारलं आणि बोलणं सोडलं. वर्नाला ते फार लागलं. तिनं क्लेबर्नकडे एकच गोष्ट मागितली, मला माझ्या नावानं गाऊ द्या. तो म्हणाला, नाव गिरणीचं आहे, त्या नावाखाली पोरगी कुठलीही चालते. असा संताप आला मला! पण फिडलवाल्याला विचारतो कोण?

एका बुधवारी गाणं संपलं. आता पिठाचे गोडवे गायचे होते. वर्नानं दाताचा कागद ओरबाडून काढला आणि माइकसमोर सरळ सांगितलं, "मी टिल्डीमावशी नाही. मी वर्ना टॅकेट, ऑरव्हिल टॅकेटची मुलगी. ही गाणी माझ्या आजीची आहेत. आणि तिचे दात शेवटपर्यंत शाबूत होते."

क्लेबर्ननं धावत येऊन खटका पाडला, पण जायचे ते शब्द घराघरात गेले होते. आम्हाला तिथल्या तिथे हाकललं. दुसऱ्या दिवशी रेडिओवर टिल्डीमावशी पुन्हा हजर! कुठली तरी दुसरी पोर पकडून आणली होती मेल्यांनी.

शनिवारची शाळा आधीच जाहीर झालेली, म्हणून आम्ही गेलो. गर्दी दांडगी होती. साध्या झग्यातली तरणी पोर बघून लोक कुजबुजायला लागले. मावशीला तर आज सकाळीच रेडिओवर ऐकलंय, मग ही कोण? वर्नानं दोन ओळी गाऊन दाखवल्या. दाराजवळचा एक खाणवाला ओशाळून म्हणाला, "आवाज तोच आहे गं बाई. पण आम्ही पोरांना मावशी दाखवायला आणलंय."

आणि बाकं रिकामी व्हायला लागली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या म्हातारीला हसायला हे आले होते, ती ह्यांचीच आजी होती की!

बाहेर पडणाऱ्या गर्दीतून उलटा वाट काढत ऑरव्हिलमामा आत आला. बुधवारचं शेजाऱ्यांनी त्याच्या कानावर घातलं असणार. पहिल्या बाकावर बसला, हॅट गुडघ्यावर ठेवली.

"बापाचं नाव आठवायला एवढा उशीर?" त्यानं वर्नाला विचारलं.

"आठवलं ना? मग आता ऐका," वर्ना कडाडली, आणि माझ्याकडे न बघताच तिनं गळ्यातल्या गिटारीच्या तारांवर हात मारला.