जखम कपाळावर होती

मामाजी गेल्याची बातमी नवे पाळकसाहेब सायकलवरून घेऊन आले, आन ते हासत होते. मी अंगणात पायावर लेकरू आडवं घेऊन आंघोळ घालून राहिली होती, साबण तसाच अंगावर, आन मले वाटलं हासून राहिले म्हणजे मामाजी बरे झाले, गोंदियाच्या दवाखान्यातून घरी येऊन राहिले… मी म्हटलं, "शुद्धीवर आले का साहेब?" तं सायकल भिंतीले टेकवत म्हणाले, "बाई, रडायचं नाही. आनंद करा. तुमचे सासरे प्रभूच्या लढाईत पडले. सरळ स्वर्गात गेले." लेकराच्या डोळ्यात साबण गेला, ते किंचाळलं, आन मी पाणी टाकतच राहिली, टाकतच राहिली, थांबायचं कसं तेच समजे ना. सासूनं येऊन माझ्या हातातून तांब्या हिसकला.

आता साल उलटलं. मी मिशनच्या शाळेत चौथीपर्यंतच गेली, लिहायची सवय नाही, चुकलं तं माफ करा. पण लोकायनं मामाजीबद्दल जे पसरवून ठेवलं आहे ते तसंच राहिलं तं माझं लेकरू मोठं होऊन तेच खरं धरन, म्हणून लिहून राहिली.

माझे सासरे दाऊदबाबा, सौंदडच्या पल्याड आमची ख्रिस्ती लोकायची टोली आहे, तिथले. ते पलटणीत होते, बर्माच्या लढाईत जाऊन आले होते. स्वराज्य आल्यावर पुढच्या साली मी सून होऊन आली, तेव्हा मले त्यायची भीती वाटे, इतके उंच, आन एका कानानं बहिरे. पण मी पहिल्या दिवशी भात करपवला तं म्हणाले, "पलटणीत याच्याहून वाईट खाल्लं बाई, आन वाढणारा वरून शिव्या देत होता. तू तं नुसती रडून राहिली." तेव्हापासून भीती गेली. टोलीत कोणाचं भांडण झालं, बांधावरून, कोंबडीवरून, बायकोवरून, की मामाजी मधात जाऊन बसत. बोलत कमी. दोघायच्या मधात बसून तंबाखू मळत, अर्धी इकडं देत, अर्धी तिकडं. भांडणाऱ्याले एका हातात तंबाखू धरून ओरडायले लाज वाटे.

एक गोष्ट त्यायची सगळ्यायले खटके. मिशनच्या देवळात सगळे डोळे मिटून प्रार्थना करत आन मामाजी डोळे टकटक उघडे ठेवत. मी एकदा विचारलं. म्हणाले, "बर्मात मोठ्या पादरीसायबानं आमच्या बंदुकीवर हात ठेवून प्रार्थना केली, देव आपल्या बाजूनं आहे म्हणाले. आमी डोळे मिटले. तेवढ्यात गोळा पडला. माझ्या बाजूचा होता तो डोळे मिटलेलाच गेला. मंग आमी गेलो पुढं, आन मी तीन जणायले…" लेकराच्या अंगावरची माशी हाकलली. "तवापासून मिटत नाही. जे मागाचं ते डोळे उघडे ठेवून मागावं, समोर कोण उभा आहे ते दिसलं पाहिजे."

लेकरू व्हायच्या आधी इतवारच्या शाळेत लेकरायले ती गोष्ट शिकवली, भिंतीच्या शहराची. देवाचे लोक शहराभोवती फेऱ्या मारतात, शिंगं फुंकतात, भिंती पडतात, आन मंग देवाच्या हुकमानं आतले सगळे मारतात… बाया, लेकरं, बैल, गाढवं. माझं लेकरू तेव्हा पोटात होतं. मले रात्रंदिवस तेच दिसे. मी मामाजीले म्हटलं, "देवानं लेकरं काऊन मारायले लावले असतीन?" दुसरा कोणी असता तं मले चूप केलं असतं. मामाजीनं हातातली तंबाखू तशीच ठेवून देली. मंग म्हणाले, "मले ठाऊक नाही बाई. लेकरं मारायले सांगणारा देव, त्याले मी ओळखत नाही. जो स्वतः मार खाऊन मेला आन मारणाऱ्यायले माफ कर म्हणाला, त्याले ओळखतो. पुस्तक म्हणते दोघं एकच. वर जाईन तेव्हा विचारीन."

"आन तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय… मधात बसीन."

नवे पाळकसाहेब आले ते दूरचे, नगरकडचे. बोलणं शुद्ध, आवाज मोठा. आल्या आल्या त्यायनं तलावाची गोष्ट उचलली. आमच्या गावात एकच तलाव, त्याच्याच पाण्यावर सगळ्यायचा धान. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मातामायचे गोटे आहेत, शेंदूर लावलेले. रोवण्याच्या आधी जंगलाकडचे गोंड लोक तिथं पूजा करतात आन मंग त्यायचा सोमा तुडूम उघडतो, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं तोंड. पूजा झाल्याशिवाय तुडूम उघडत नाही, हे बापजाद्यापासून. मामाजीनं त्यातून रस्ता काढला होता. टोलीच्या वतीनं ते एकटे जात, टोपी काढून बाजूले उभे राहत, प्रसाद घेत नसत, आन पूजा झाली की सोमासंगं तुडमाचं जड लाकूड उचलू लागत. पाणी सगळ्यायले जाई. कोणाचं काही बिघडलं नाही.

पाळकसाहेब म्हणाले, हे सैतानापुढं टोपी काढणं आहे. हे पाणी पिऊन तुमची मुलं मूर्तिपूजक होतील. देवाच्या लोकांनी फेऱ्या मारल्या तर भिंती पडल्या, तुमच्यानं चार दगड पडत नाहीत? आन टोलीतल्या जवान माणसायच्या अंगात ते भरलं. माझ्या मालकाच्याबी. हे घरी येऊन बापाले म्हणाले, "बाबा, तुमी भितरे झाले. देवाची लढाई आहे."

मामाजी विळा घासून राहिले होते. "देवानं तुले बलावलं का?"

"पाळकसायबायनं बलावलं."

"हां. मंग पाळकाची लढाई म्हण. शाळेत तुले बेरीज येत नव्हती, आता देवाचा हिशोब करून राहिला." सासू हासली. हे नाही हासले.

पूजेच्या दिवशी टोलीतले सगळे गाणं म्हणत तलावाकडं निघाले, बायकाबी पाहिजेत म्हणून मले लेकरू घेऊन चलायले लावलं. पाळीवर गोंडायच्या बाया डोक्यावर पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपायच्या, जुड्या घेऊन उभ्या, पूजा नुकती मांडली होती. आन आमचे लोक त्या गोट्यायभोवती फेऱ्या मारू लागले. पाळकसाहेब पुढं, पुस्तक वर धरून. मामाजी पाळीच्या टोकाले सोमासंगं उभे होते, ते पाहतच राहिले.

आन काय झालं… सोमाची म्हातारी माय, तिले वाटलं आमी प्रदक्षिणा घालून राहिलो. तिले कुठं ठाऊक भिंतीच्या शहराची गोष्ट! ती खूश झाली, टाळ्या वाजवल्या, म्हणे, "या बाप्पा या, बरं केलं. इतके साल तुमचा एकटा बुढा येत होता, आज सारेच आले! मातामाय का एकट्या आमचीच आहे?" आन पाहुण्याचे पाय धुवायची त्यायची रीत, तिनं लोटा घेतला आन पाळकसाहेबाच्या पायावर पाणी ओतलं, बुटासकट. पाळकसाहेब असे उडाले की पुस्तक पाण्यात पडता पडता राहिलं. गोंड हासले. आमचे लेकरं हासले. मीबी हासली, आवरलंच नाही. फेऱ्या मारल्या आन दगड तं पडले नाहीत, उलट आमालेच भक्त करून टाकलं. टोलीतल्या जवानायचे तोंड लाल झाले. ते हासणं त्यायले सहन झालं नाही. लढाई असती तं झाली असती सहन.

पाळकसाहेबानं लोट्याले लात मारली. म्हातारी बसकली. सोमा धावला, हातात तुडमाचं लाकूड. आमच्यायनं पाळीवरचे गोटे उचलले. माझ्या मालकाच्याबी हातात होता, मी पाहिला. आन तितक्यात मामाजी मधात आले. दोन्ही हात पसरून. सोमाकडं पाठ केली आन आमच्याकडं तोंड. "ठेवा रे खाली," म्हणाले. ओरडून नाही. जेवायले बसा म्हणतात तसं. मी लेकराचं डोकं पदरात झाकायले खाली वाकली, आन वर पाहते तं मामाजी बसलेले. उन्हातून आल्यावर माणूस बसते तसे, कपाळाले हात लावून. बोटायच्या मधून रक्त.

कोणाचा गोटा, मी पाहिलं नाही. देवाशप्पत पाहिलं नाही. पण सोमा मागं होता आन आमी पुढं होतो, आन जखम कपाळावर होती.

सौंदड स्टेशनापर्यंत बैलगाडीत नेलं, त्यायचं डोकं माझ्या मांडीवर, एका बाजूले लेकरू. हे गाडीच्या बाजूनं पायी चालून राहिले होते. मी वाकून विचारलं, "मामाजी, कोण होता?" म्हणाले, "काय ठाऊक बाई. डोळे मिटले होते, प्रार्थनेत होतो." इतक्या सालात ते माझ्याशी खोटं बोलले नव्हते, आन हे पहिलं खोटं कोणाले झाकायले बोलले असतीन? बाहेरचा कोणी असता तं त्यायनं नाव घेऊन शिवी घातली असती… मी यायच्याकडं पाहिलं. हे बैलाच्या शेपटीकडं पाहून राहिले होते.

मामाजी गोंदियाले गेल्यावर बोलले नाहीत, आन गेलेच. तेवढ्यात पाळकसाहेब आन टोलीतल्या मोठ्या माणसायनं ठाण्यात सांगून टाकलं की सोमानं लाकडानं मारलं. सोमाले नेलं. मातीच्या दिवशी पाळकसाहेब कबरीपाशी उभे राहून बोलले की हा शिपाई बर्माच्या लढाईतून वाचला तो या मोठ्या लढाईसाठी. लढाईचं गाणं म्हटलं. ज्या माणसानं बर्माहून आल्यापासून लढाई थुंकून टाकली त्याच्या छातीवर लढाईची माती लोटली, आन मी तीच मूठ लोटली, काही बोलली नाही, कारण हे माझ्या बाजूले उभे होते. गोंड लोक काट्याच्या कुंपणापल्याड उभे होते. त्यायले आत येऊ देलं नाही. सोमाची माय कुंपणावरून मूठभर माती फेकायले गेली तं पोट्ट्यायनं तिले हाकललं.

मंग ती एक दिवस दुपारी आमच्या अंगणात येऊन बसली. पाणी मागितलं, प्याली. म्हणे, "तुह्या सासऱ्यानं माह्या पोराच्या पुढं छाती केली. तुमी म्हणता माह्या पोरानं त्याले मारलं. तू होती ना तिथं? लेकरू काखेत होतं ना तुह्या?"

मी म्हटलं, "होती."

"मंग सांग."

"माय, मी कोणाले भिऊन राहिली ते तुले ठाऊक नाही."

"ठाऊक आहे," म्हणे. "मीबी भिऊन राहिली. माहा एकच आहे."

ती गेली आन सासू दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. नवरा गेलेली बाई ती, पांढरं तोंड. म्हणे, "गेला तो गेला. आता जो आहे त्याले खाऊ नोको. कोणाचं लेकरू आहे ते, त्याच्याकडं पाह्य आन मंग तोंड उघड." मी म्हटलं, "आत्याबाई, तुमाले वाटते का की…" तिनं माझ्या तोंडावर हात दाबला, इतका जोरानं की दात ओठात रुतला. मंग तिनंच पदरानं माझा ओठ पुसला.

सोमासाठी साक्ष द्यायले मी कोर्टात गेली. कशी गेली मले ठाऊक नाही, लेकराले अंगावर पाजत गेली. सरकारी वकील ओरडून विचारे, कोणी मारलं, नाव सांग. मी म्हटलं, नाव मले ठाऊक नाही. गोटा आमच्या बाजूनं आला. मामाजीचं तोंड आमच्याकडं होतं. तो म्हणे, "तुझा नवरा कोणत्या बाजूला होता?" मी म्हटलं, "आमच्या." हे मागच्या बाकावर बसले होते.

सोमा सुटला. धान रोवून झाले, या खेपेले पूजा झाली नाही, तुडूम सरकारी माणसानं उघडलं. पाळकसाहेबानं मले प्रभुभोजनातून काढलं, वैऱ्याच्या बाजूनं साक्ष देली म्हणून. टोलीतल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत, विहिरीवर माझी बादली बाजूले सरकवतात. मंडळींनो, मी विचारते, मामाजी कोणाच्या लढाईत पडले? मधात उभा राहणाऱ्या माणसाले दोन्ही बाजूचे मारू शकतात हे समजते. पण देवाचं नाव घेणारेच मारतात, आन मंग त्यालेच आपला शिपाई म्हणून पुरतात, हे मले अजून समजत नाही. मामाजी वर गेले आहेत, त्यायनं विचारलं असन. उत्तर आलं तं मले कोण सांगन?

आमच्या सपरीत, म्हणजे बाहेरच्या ओसरीत, जिथं मामाजी बसत, तिथं मातीच्या भिंतीले तेलाचा एक काळा डाग आहे. डोकं टेकून टेकून पडलेला. सासू दर खेपेले भिंत पोतारते, मातीनं लिपते, तेवढा डाग सोडून. काल सांजेले हे शेतातून आले, हातपाय धुतले आन तिथंच बसले. कोर्टापासून आमी एकमेकाशी बोललो नाही. यायनं मागं डोकं टेकलं, बरोबर त्या डागावर, आन चटका बसल्यासारखं उचललं. मंग वळून डागाकडं पाहिलं. मंग माझ्याकडं. मी चुलीपाशी होती, लेकरू मांडीवर. मी पाहून राहिली होती ते यायनं पाहिलं. यायचे ओठ हालले, बोलणार होते, आन मले वाटलं आता नोको, आता ऐकलं तं मी या घरात जगीन कशी…

मी ताट घेतलं. भात वाढला, वरून आंबील. सांडली थोडी.

"जेवून घ्या," म्हटलं.