बॅटला ग्लोव्ह लागला

लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा हमखास म्हणतो, "सर, तुमचा तो बेसबॉलचा किस्सा सांगा नं." कोणता, ते त्यालाही माहीत नसतं अन मलाही. भंडारा जिल्ह्यात शाळांच्या मॅचेसना अंपायर म्हणून मी बारा वर्षं उभा आहे. एवढ्या वर्षांत किस्से असे माजलेत, जशी तलावाच्या पाळीवर बेशरमाची झाडं. त्यातले निम्मे तर एकाच कॉलचे. कॅचर्स इंटरफिअरन्स!

सोपं आहे. बॅटिंग करणाऱ्याच्या मागे कॅचर उकिडवा बसतो. बॅट फिरताना त्याचा ग्लोव्ह बॅटला लागला, की चूक कॅचरची. बॅटरला बॉल मारता आला नसला तरी पहिला बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, फुकट. एवढंच. पण एवढंच आमच्याकडे कोणाच्या गळी उतरत नाही.

*

कारध्याच्या मैदानावर मी हा कॉल पहिल्यांदा दिला. ऐटीत हात दाखवला, बॅटरला म्हटलं, "जा, फर्स्ट बेस." बॅटर म्हणजे आठवीतलं काटकुळं पोरगं. जागचं हलेना.

"सर, मी तं मारलाच नाही."

"नाही मारला तरी जा. तुहा हक्क आहे."

"फुकटचं कायले जाऊ? दुसरा टाकाले सांगा नं."

तिकडून त्याचा कोच बोंबलतोय, "जाय नं बे!" पण पोरगं ढिम्म. शेवटी मीच त्याला दंडाला धरून बेसवर नेऊन उभं केलं. अंपायरनं बॅटरला पोहोचवून दिल्याची ही बहुधा पहिलीच वेळ असेल.

त्याच मॅचमध्ये परत त्याची बारी आली अन परत ग्लोव्ह लागला. मी हात वर करणार, तेवढ्यात पोरगं वळलं अन हात जोडून म्हणालं, "सर, या बारीले माफ करा त्याले. लहान आहे." कॅचर त्याच्याच वयाचा होता.

*

या नियमाला एक शेपूटही आहे. ग्लोव्ह लागूनही बॉल मारला गेला अन खेळ पुढे सरकला, तर बॅटिंगवाल्या टीमच्या कोचला विचारायचं, जे झालं ते घेता की दंड घेता? उत्तर त्यानं तिथल्या तिथे द्यायचं. हे "तिथल्या तिथे" ज्यानं लिहिलं, तो आमच्या जिल्ह्यात कधी आलेला नसावा.

एका गावात तसंच झालं. ग्लोव्ह लागला, तरी बॉल घरंगळत गेला. बॅटर पहिल्या बेसवर आउट, पण तिसऱ्या बेसवरचा पोरगा धावत घरी, म्हणजे होम प्लेटला आला, रन झाला. मी कोचला म्हटलं, "एक तं हा रन घ्या, बॅटर आउट. नाही तं बॅटर पहिल्या बेसवर अन रनवाला परत तिसऱ्यावर. बोला."

"विचारून सांगतो जी."

"कोणाले?"

त्यानं कडुनिंबाकडे बोट दाखवलं. खाली गावचे पाच-सहा म्हातारे बसले होते. एकानं तंबाखू मळायला घेतली, तेव्हाच मी समजलो की आता काही खरं नाही. एक म्हणे, रन घ्या, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये. दुसरा म्हणे, पोरगं सकाळपासून उन्हात आहे, त्याले बेसवर टेकू द्या. मी घड्याळ दाखवून दाखवून थकलो.

शेवटी त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर आबाजी काठी टेकत माझ्यापर्यंत आले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, दोन्ही देऊन द्या. पोरांचाच खेळ आहे."

*

आता सिहोऱ्याची पायल. नववीतली. जिल्ह्यात अशी कॅचर नाही, हे मी कुठंही छातीठोक सांगीन. खोड एकच, बॉल येईपर्यंत थांबायची नाही, हात पुढे घालायची. एकाच दिवशी तीनदा तिच्यावर कॉल द्यावा लागला. तिसऱ्यांदा मी चिडलोच.

"थांबत काहून नाही तू?"

"सर, बांधीतली मासोळी कधी हातानं धरली काय तुम्ही? थांबलं का गेली."

लहानपणापासून धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत मासोळ्या धरणारा हात तो. त्याला नियमाचं पुस्तक काय शिकवणार?

तिचे कोच हटवार सर मोठे डोकेबाज. प्रॅक्टिसला त्यांनी तिच्या कमरेला दोर बांधला अन दुसरं टोक मागच्या बाभळीला. पुढे झुकली की दोर ओढायचा. उपाय लागूही पडत होता. मीही तिथे उभा राहून वाहवा करत होतो. नेमके तेव्हाच तिचे बाबा, शालिकभाऊ, रोवणी आटपून शाळेवरून चालले होते. त्यांना पोरगी झाडाला बांधलेली दिसली.

"मास्तर, बैल आहे काय ते?"

हटवार सर बेसबॉल समजवायला लागले. ते अर्धंच झालं होतं, तोवर शालिकभाऊंनी दोर सोडलासुद्धा. माणूस शांत, आवाज चढवला नाही. म्हणाले, "एकोडीच्या शाळेसोबतची मॅच जिंकली तं खेळू देतो. हारली तं हे खूळ बंद. मी पाहाले येतो."

पायलचे डोळे भरून आले, अन मला फार वाईट वाटलं.

*

ती मॅच भंडाऱ्याला झाली. अंपायर मीच. शेवटची इनिंग, सिहोरा एका रननं पुढे. एकोडीचे दोन आउट, पण तिन्ही बेस भरलेले. बॅटरचे दोन स्ट्राइक झालेले, तिसरा पडला की मॅच सिहोऱ्याची. शालिकभाऊ तारेचं कुंपण धरून उभे. मीही मनातून सिहोऱ्याचाच झालो होतो, खोटं कशाला बोलू?

बॉल आला, बॅट हुकली, बॉल थेट ग्लोव्हमध्ये. मी आउट दिला. सिहोऱ्याच्या पोरी नाचत मैदानात घुसल्या. पायल उठलीच नाही.

"सर, लागला."

"काय लागला?"

"ग्लोव्ह. बॅटले."

मला काही ऐकू आलं नव्हतं. बॅटरला विचारलं. ती बिचारी रडवेली होऊन म्हणाली, "नाही जी, मीच हुकली." हटवार सर धावत आले. "सर, तिले ऊन लागलं आहे, तिचं ऐकू नका!"

"बोटाले झटका बसला सर," पायल म्हणाली. "लागला."

मी कॉल बदलला. तो हात वर करायला जेवढा जड गेला, तेवढा कधीच गेला नाही. बॅटर पहिल्या बेसवर, बेस भरलेले म्हणून बाकीच्याही एकेक बेस पुढे, तिसऱ्यावरची घरी, बरोबरी झाली. अन पुढच्याच बॉलवर एकोडीच्या दुसऱ्या पोरीनं असा टोला हाणला की मॅच गेली.

शालिकभाऊ कुंपण ओलांडून सरळ माझ्याकडे आले. पायल हेल्मेट हातात घेऊन मान खाली घालून उभी.

"सर, तुम्हाले आवाज आला होता काय?"

"नाही."

"त्या बॅटवालीले?"

"तिलेही नाही."

"म्हणजे हे पोरगी बोलली नसती तं जिंकली असती?"

"हो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"पुढची मॅच धान कापाच्या आधी ठेवा म्हणा, सर. नाही तं मले पाहाले येता नाही येत."